सतरा, दहा, दहा

शालिग्रामच्या हातची कॉइल आजवर परत आली नाही, हे वाशीममध्ये कुणाला ठाऊक नसेल तर त्यानं खुद्द शालिग्रामलाच विचारावं. तो सांगायला तयारच असतो. एकतीस वर्षं त्याच पत्र्याच्या शेडमध्ये, त्याच हातचाकाच्या मशीनवर त्यानं कॉइली गुंडाळल्या. गावोगावचे जळालेले ट्रान्सफॉर्मर त्या शेडमध्ये येतात आणि नवे होऊन जातात. खेड्यात त्याला डीपी म्हणतात. टाकी उघडली की आत लोखंडी पत्र्यांचे तीन खांब, आणि प्रत्येक खांबावर दोन कॉइली, एकीच्या पोटात दुसरी. बाहेरची अकरा हजार व्होल्टची, आतली आपल्या घरात न् शेतात येणाऱ्या विजेची.

त्या गुंडाळायच्या शालिग्रामनं आणि त्यांची टोकं एकमेकांना झाळून जोडायची चांदभाईनं. दोघं एकाच वर्षी कामाला लागले. एक एकादशीला लवकर निघतो, दुसरा शुक्रवारी, आणि शेडचा मालक विनोदभाऊ म्हणतो, "तुमच्या दोघांच्या मधात मले देवानं बुधवार तेवढा कामाचा देला."

चांदभाईची मुलगी मंतशा आयटीआय करून तीन वर्षांपूर्वी तिथंच टेस्टिंगला लागली. पहिल्या दिवशी शालिग्रामनं तिला विचारलं होतं, "काय शिकून आली बाई? स्टार-डेल्टा सांग बरं." तिनं वहीच्या पानावर एक त्रिकोण काढला आणि शेजारी तीन पायांची चांदणी. शालिग्रामनं पान हातात घेतलं, मान हलवली.

"हे चित्र झालं. आता नीट आईक. डेल्टा म्हंजे कीर्तनातले टाळकरी. एकाचं चरण संपते तिथून दुसरा उचलते, दुसऱ्याचं संपते तिथून तिसरा, अन तिसऱ्याचं संपलं का पुन्हा पयल्याच्या तोंडी. गोल. कोठी सुरुवात नाई, कोठी शेवट नाई. अकरा हजाराची बाजू आपण अशी जोडतो. अन स्टार म्हंजे नमस्कार. तिघांनं तीन दिशेनं यावं अन डोकं एकाच पायावर टेकवावं. त्या पायाले न्यूट्रल म्हणते."

"पन काका, न्यूट्रलवर तं काईच नसते. झिरो असते."

"नसतेच ना. देवाच्या पायापाशी काय राह्यते कोनाचं?"

मागून चांदभाईनं झाळायची बत्ती बंद केली. "बेटा, हे समदं आईकून घे. पन सांधा झाळतानी मले विचारजो. याच्या इठ्ठलाले करंट लागत नाई, आपल्याले लागते."

तर असं ते शेड. यंदा दसऱ्याच्या आधी तिथं केनवडची डीपी आली. बावीस मोटरी होत्या तिच्यावर, आणि हरभऱ्याला पाणी द्यायचे दिवस तोंडावर आलेले. मोटरवाल्यांनी आपल्यातल्या हरिसिंगला मागं लावून दिलं. तो दर दोन दिवसांनी फोन करायचा आणि तेराव्या दिवशी ट्रॅक्टर घेऊन दारातच उभा राहिला.

"आज भेटते का नाई? गावात तोंड दाखवू देऊन नाई राह्यले मले."

"टेस्टिंग होऊन जाऊ दे," शालिग्राम म्हणाला. "बस, च्या घे. माह्या हातची कॉइल हाये. एकतीस वर्षांत एक परत आली नाई."

"हे तुमी मले फोनवर बी सांगतलं."

"मंग आता तोंडावर सांगतो."

मंतशानं मीटरच्या तारा लावल्या. टाकीत उतरवण्याआधीची ही तपासणी. अकरा हजाराच्या बाजूला खऱ्या अकरा हजाराऐवजी फक्त चारशे चाळीस द्यायचे. मग खालच्या बाजूला त्याच हिशेबानं थोडके येतात: न्यूट्रलपासून लाल, पिवळ्या, निळ्या प्रत्येक फेजला दहा, आणि एका फेजपासून दुसऱ्या फेजला सतरा. हे आकडे शेडमधल्या भिंतीलासुद्धा पाठ होते.

तिनं न्यूट्रलवर एक टोक धरलं. "लाल दहा. पिवळा दहा. निळा दहा."

हरिसिंगनं चहाची कपबशी खाली ठेवली. "झालं मंग. भरा गाडीत."

"थांबा भाऊ, अर्धंच झालं." तिनं टोकं बदलली. "लाल-पिवळा, सतरा." शालिग्रामनं मान डोलावली. "पिवळा-निळा..." ती थांबली. टोक घासून पुन्हा लावलं. "दहा. निळा-लाल, दहा."

हरिसिंगला काही कळलं नाही, पण सगळ्यांचे चेहरे बघून तो उठून उभा राहिला. "काय झालं? लाइट नाई लागनार का?"

"लाइट लागंन," मंतशा म्हणाली. "घरातला बल्ब झकास लागंन. त्याले एक फेज अन न्यूट्रल पायजे, ते बरोबर हाये. पन मोटरीले तीन फेज एकमेकात सारखे लागते. इथं एक जोडी पुरी, अन दोन जोड्या अर्ध्यामुर्ध्या. बावीसच्या बावीस मोटरी न फिरता नुसत्या घुमतीन अन जळतीन."

हरिसिंग खाली बसला.

विनोदभाऊ केबिनमधून बाहेर आला, मीटर पाहिलं आणि त्याची नजर सरळ चांदभाईकडे गेली. असे आकडे येतात ते एकाच कारणानं, हे तिथं सगळ्यांना माहीत होतं: तिघांनी पायावर डोकं टेकवायचं, तर दोघांनी डोकं टेकवलं आणि एकानं पाय. आतल्या कॉइलचा शेवट न्यूट्रलला जायचा असतो. निळ्याची सुरुवात गेली होती.

"चांदचाचा, तिघांचे शेवटच घेतले होते ना?"

चांदभाईच्या डोळ्यांवर काळा चष्मा होता. मोतिबिंदूचं ऑपरेशन होऊन पंधरा दिवस झाले होते. दसरा त्याचा खाटेवर गेला. "शेवटच घेतले. पांढरा धागा सुरुवातीले, लाल धागा शेवटाले. तिन्ही लाल धरले म्या."

"धागे कुठी हाये?"

"धागे तं झाळतानी जळते. नेहमीच जळते."

"आन चष्मा काळा," विनोदभाऊ हळू म्हणाला. तो वाईट माणूस नव्हता, म्हणून त्यानं आवाज आणखी खाली घेतला. "चाचा, मी तुमाले तवाच म्हटलं होतं, एक महिना घरी बसा. आता असं करा, उद्यापासून तुमी तेलाच्या फिल्टरपाशी बसत जा. सांध्याले कारंज्याचा करण येतो म्हणते. पाहू, डोया सुधरला तं."

करणचं नाव ऐकल्यावर चांदभाईनं भांडायला हवं होतं. एरवी त्यानं भांडण केलं असतं. पण त्यानं चष्मा काढला, कपाळाला लावला, पुन्हा डोळ्यांवर घेतला, आणि आपल्या उजव्या हाताकडे तो हात दुसऱ्याचा असल्यासारखा पाहत राहिला.

"असंन बाबा," तो म्हणाला. "पांढरा लाल दिसला असंन."

मंतशानं टेस्टिंगचं रजिस्टर उघडलं. विनोदभाऊ म्हणाला, "ते नको लिहू. टोकं अदलाबदल केली का जमून जाते. दीड-दोन घंट्याचं काम."

"मीटरनं जे सांगतलं ते लिहीन दादा. मंग दुरुस्त झालेलं बी लिहीन." तिनं आकडे लिहिले. पुढं कारणाचा रकाना होता. तिथं तिचं पेन थोडं थांबलं, मग चाललं: निळ्याचा सांधा उलटा. जोडणी: चांद. आपल्या बापाचं नाव तिनं खाडाखोड न करता, पूर्ण अक्षरात लिहिलं.

शालिग्राम हे सगळं चार हातांवरून बघत होता, आणि खरं सांगायचं तर आतापर्यंत त्याच्या मनात चांदभाईबद्दल वाईट वाटण्यापलीकडे काही नव्हतं. कॉइलमध्ये खोट असेल हे त्याच्या डोक्यात यायलाही जागा नव्हती. पण पोरीचं पेन चाललं तेव्हा त्याला तिच्याकडे बघवेना. त्यानं नजर फिरवली, आणि ती जाऊन पडली त्याच्या मशीनवर.

मशीनचं तोंड उजवीकडे होतं.

दरवर्षी दसऱ्याला पूजेसाठी ते अवजड मशीन जागेवरच फिरवून त्याचं तोंड, म्हणजे तांब्याची पट्टी धरायची बाजू, पूर्वेला करतात. हळदकुंकू, झेंडू, नारळ. दुसऱ्या दिवशी सकाळी शालिग्राम एका पायाला आणि चांदभाई दुसऱ्या पायाला लागून ते पुन्हा फिरवतात, म्हणजे तोंड शालिग्रामच्या डाव्या हाताला येतं. यंदा चांदभाई नव्हता. बाकीच्यांना हाक मारायची तर ते मशीनला हात लावणार, आणि तेच शालिग्रामला चालत नसे. "येऊ दे चांदभाईले, मंग फिरवू," असं म्हणून त्यानं तसंच काम सुरू केलं. लाल आणि पिवळी कॉइल दसऱ्याच्या आधीच झाली होती. निळी राहिली होती. आदल्या रात्री ऐकलेली चाल गुणगुणत त्यानं मशीनच्या तोंडापासून पट्टी धरली, नेहमीसारखी, आणि चाक आपल्याकडे ओढलं, नेहमीसारखं. हात एकतीस वर्षांचे होते, त्यांनी विचारलं नाही. पण तोंड उजवीकडे होतं. आरशात दिसावी तशी सगळी कॉइल उलट्या अंगानं गुंडाळली गेली. मग त्यानं सुरुवातीला पांढरा धागा बांधला, शेवटाला लाल, आणि चांदभाईनं आठवड्यानं कामावर येऊन इमानानं तिन्ही लाल धागे धरून झाळले. डॉक्टरनं त्याला वजन उचलायला मनाई केली होती, म्हणून मशीन तेव्हाही तसंच राहिलं.

आणि कुणाला कळण्याची सोय नव्हती. ती कॉइल दुसरीच्या पोटात गेलेली, वरून लोखंडाचा पट्टा बसलेला. ती बघायची तर दोन दिवस सगळं उसवावं लागलं असतं. टोकं बदलली की ट्रान्सफॉर्मर ठणठणीत. एक शब्द न बोलता एकतीस वर्षं तशीच उजळ राहिली असती.

गेल्या एकादशीला अनसिंगला कीर्तन होतं. ऐन रंगात एका टाळकऱ्याचा टाळ घसरला. बुवांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं आणि म्हणाले, "मायबापहो, चुकला कोन ते मले सांगायची गरज नाई. जो मृदंगवाल्याकडे डोळे वटारून पाहून राह्यला ना, तोच." सारा मांडव हसला. सगळ्यात मोठ्यानं शालिग्राम हसला होता. ते हसू आता त्याच्या कानात जसंच्या तसं होतं, आणि समोर मृदंगवाला काळा चष्मा लावून आपल्या हाताकडे बघत उभा होता.

"विनोदभाऊ," तो म्हणाला. "सांधा बरोबर हाये. कॉइल उलटी हाये. म्या गुंडाळली."

विनोदभाऊनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "काका, दोस्तीपायी नका बोलू. तुमची कॉइल अन उलटी?"

"उलटी म्हणतो ना."

"कोनी म्हणत नाई चाचाले काही. डोयाचा विषय हाये."

आता गंमत अशी झाली की शालिग्रामचं कुणी ऐकेना. एकतीस वर्षं त्यानंच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, ते त्यांनी खरं धरलं होतं. हरिसिंगसुद्धा म्हणाला, "बाप्पा, आताच तं मले म्हणून राह्यले होते का एक परत येत नाई म्हणून." शालिग्रामला राग चढला. आपली कॉइल बरोबर आहे हे पटवण्यासाठी तो जितक्या हट्टानं भांडला असता, तितक्याच हट्टानं ती चूक आहे हे पटवायला तो निघाला.

"इकडे या समदे."

स्टँडवर दोन कॉइली उभ्या होत्या, दुसऱ्या एका कामाच्या. एक दसऱ्याआधीची, एक परवाची. दोन्हींवर अजून बाहेरची कॉइल चढलेली नव्हती, तांब्याची पट्टी उघडी दिसत होती. "हे मशीन दसऱ्यापासून फिरलं नाई. त्याच्यानंतर जे जे गुंडाळलं ते समदं उलटं. पाहा वेढे कसे चढून राह्यले ते."

विनोदभाऊ वाकला. मंतशा वाकली. पण पुढं आला तो चांदभाई. त्यानं डोळे मिटले आणि दोन्ही हातांची बोटं दोन कॉइलींवर एकदम फिरवली, खालून वर. एका हाताखाली वेढे उजवीकडे चढत गेले, दुसऱ्याखाली डावीकडे. त्यानं पुन्हा एकदा फिरवली. मग डोळे उघडले.

"शालिग्राम."

"बोल."

"अर्धा घंटा झाला, मी माह्या डोयाले शिव्या देऊन राह्यलो. अन तू तथी खांबासारका उभा."

"मले बी आताच कळलं."

"कवा कळलं?"

"पोरीनं तुहं नाव लिव्हलं तवा. अन कळल्यावर बी जरा वेय गेला. खोटं नाई बोलत."

चांदभाईनं त्याच्याकडे बराच वेळ बघितलं. त्याला जे म्हणायचं होतं ते त्यानं बहुधा गिळलं, किंवा पुढच्या एकतीस वर्षांसाठी राखून ठेवलं. "चाल," तो म्हणाला, "टोकं धर. मी बत्ती पेटवतो."

"चाचा, करणले फोन..." विनोदभाऊ म्हणाला.

"त्याले म्हणा, कारंज्यातच बरा हायेस."

निळ्या कॉइलचे दोन्ही सांधे सोडवले. शालिग्रामनं चिमट्यानं तांब्याचं टोक धरलं. इतक्या वर्षांत त्यानं सांध्यासाठी कधी टोक धरलं नव्हतं, ते काम त्याच्या मानाचं नव्हतं. ज्योत निळी झाली. चांदी-तांब्याची काडी टोकावर पाघळली आणि पाण्यासारखी आत शिरली, कुठं थेंब नाही, कुठं फुगवटा नाही. काळ्या चष्म्यामागून चांदभाई बघत होता की नुसता हातानं ओळखत होता, हे शालिग्रामला सांगता आलं नसतं. पण असा सांधा आपल्या हातून दहा जन्मांत होणार नाही, हे त्याला त्या घटकेला कळलं, आणि तेही इतकी वर्षं शेजारी बसून. त्यानं टोक हलू दिलं नाही.

सांधा निवल्यावर कागद गुंडाळला, पट्टी बांधली. मंतशानं पुन्हा तारा लावल्या. यावेळी हरिसिंगही मीटरमध्ये डोकं घालून उभा होता.

"लाल-पिवळा, सतरा."

तिनं टोकं बदलली.

"पिवळा-निळा, सतरा. निळा-लाल, सतरा."

"हे बरं हाये ना?" हरिसिंगनं विचारलं.

"हे बरं हाये," मंतशा म्हणाली. "तेल भरून, अकरा हजाराची टेस्ट करून उद्या दुपारी घेऊन जा."

"मी तं गावात सांगनारच हावो, का म्हाताऱ्यानं सोताच सोताले पकडून देलं."

"सांग," शालिग्राम म्हणाला. "पन पयले सांगजो का पोरीनं पकडलं. तिनं आर्ध्यावर सोडलं असतं तं तुह्या बावीस मोटरी माह्या नावानं जळल्या असत्या."

चांदभाई हात पुसत म्हणाला, "अन तुह्या कॉइलचं काय? परत आली का नाई आली?"

"आली म्हण."

"कशी आली? फाटकाच्या बाहीर तं गेलीच नाई ते."

विनोदभाऊ हसला. मग तो हसायचा थांबला आणि चांदभाईसमोर उभा राहिला. "चाचा, सांधे तुमीच करा. मी आगाऊ बोललो."

"बोलले तं बोलले. डोया मात्र खरंच नवा हाये, त्याची परीक्षा तुमी घेतलीच नाई." चांदभाईनं काळा चष्मा काढून खिशात ठेवला. "रजिस्टर आन, मंतशा."

मंतशानं आधीच्या ओळीवर एक सरळ रेघ मारली होती, खालचं अक्षर वाचता येईल अशी. खाली नवीन ओळ लिहिली होती. शालिग्रामनं तिच्याकडून पेन मागून घेऊन कारणाच्या रकान्यात स्वतःच्या हातानं, मोठ्या अक्षरात भर घातली होती. चांदभाईनं रजिस्टर दोन्ही हातांत धरलं, दाराच्या उजेडाकडे वळवलं आणि वाचायला लागला. तारीख वाचली. केनवड वाचलं. एकेक आकडा वाचला, आधीचे चुकीचे आणि नंतरचे बरोबर. "कारन," तो म्हणाला, आणि शालिग्रामकडे न बघता सावकाश वाचलं, "निळी कॉइल उलट गुंडाळली गेली. चूक माझी. शालिग्राम." मग बोट खाली सरकवलं, जिथं अक्षर अगदी बारीक होतं, आणि आवाज चढवून, शेडच्या त्या टोकापर्यंत जाईल असं वाचलं:

"तपासणारी, मंतशा चांद."

"बरोबर वाचलं का मालक?"

"बरोबर," विनोदभाऊ म्हणाला.

"पुन्हा वाचू?"

"वाचा," शालिग्राम म्हणाला. "या पोट्टीचं नाव तेवढं पुन्हा वाचा."